काट्यांचा डबा उंबऱ्याबाहेर

साळिंदराच्या काट्यावाचून माणसाचा संसार चालू शकतो, यावर माझ्या मामेसासऱ्यांचा तिळमात्र विश्वास नाही. अकोल्याच्या डेपोत उभी हयात कंडक्टरकी करून मामाजी आता हिवरखेडला भाजीचा मळा करतात. सातपुडा पाठीशीच असल्यामुळे रात्री साळिंदरं मळ्यात येतात, रताळी उकरून खातात आणि जाताना काटे गाळून जातात. दुसरा कुणी शिव्या घालील. मामाजी सकाळी टोपलं घेऊन काटे वेचायला निघतात, जणू रताळी लावली ती त्याचसाठी. त्या वीतभर, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या काट्याने ते पायजम्यात नाडा ओवतात, फवारणी पंपाचं तुंबलेलं तोंड मोकळं करतात, भरताचं वांगं आतून शिजलं का ते टोचून पाहतात, वाफ्यात मिरचीच्या बियांसाठी भोकं पाडतात आणि नातींचा भांगही काढून देतात. हे सगळं ते एकाच काट्याने करतात, असा मामींचा आरोप होता.

एका काट्यात त्यांनी बॉलपेनची रिफिल बसवली आहे. बँकेत उसनं दिलेलं पेन परत येत नाही हा जगाचा अनुभव. मामाजींचं पेन मात्र लोक दोन बोटांत धरून धावत परत आणून देतात. कारण आमच्या वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की साळिंदराचा काटा ज्या घरात शिरला त्या घरात भांडण लागतं. मलाही त्यांनी एकदा प्रेमाने एक काटा दिला होता. जंगल खात्याचा माणूस पकडेल ही भीती मोठी की घरी भांडण लागेल ही, ते मला अकोटचा स्टँड येईपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून तो मी बसच्या सीटखालीच सोडला. त्या सीटवर पुढे कोणतं जोडपं बसलं असेल, या विचाराने मला अजून अपराधी वाटतं.

मामींनी काटे कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात ते ओसरीवर, चपलांशेजारी असत. तरीही दोघांचं भांडण सकाळच्या चहातल्या आल्यावरून जे सुरू होई, ते रात्री दिवा कुणी मालवायचा इथपर्यंत चाले. "तुमच्या काट्यायपायीच होते हे," मामी म्हणायच्या. मामाजी थंडपणे म्हणायचे, "काटे बाहेर हायेत. अंदर त तूच हायेस." मग मामी तोंड फिरवून हसायच्या आणि आणखी मोठ्याने भांडायच्या.

अमरावतीत आमच्या घरी याच्या अगदी उलट कारभार. कुणी रागवायच्या आत "माझं चुकलं" म्हणून मोकळं व्हायचं, हा माझा स्वभाव. दूध उतू जावो, वीज जावो, चूक माझीच. हा सद्गुण आहे अशी माझी समजूत होती. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आमचं बोलणं गॅस, दूध आणि कुकरच्या शिट्ट्यांपुरतं उरलं. भांडण नव्हतं, तीच पंचाईत होती. पत्नी गप्प, मी तिच्याहून गप्प, आणि घरात इतकी सभ्यता, की पाहुण्याने गुदमरावं.

त्याच दिवसांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामाजी आमच्याकडे राहिले. एका डोळ्यावर पट्टी होती, पण दुसऱ्या डोळ्याने त्यांचं काम चालू होतं. परतताना स्टँडवर त्यांनी मला विचारलं, "जवाईबापू, तुमच्या घरी कोनी भांडत नाही काय?" मी अभिमानाने नाही म्हणालो. मामाजी हळहळत बसमध्ये चढले.

दुसऱ्याच दिवशी पत्नीला माझ्या इस्त्रीच्या शर्टांखाली साळिंदराचा काटा सापडला. तो हातात धरून ती समोर उभी राहिली आणि हा कुठून आला म्हणाली. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं चुकलं. मीच आणला असेन."

"तुमी नाही आणला, हे मले माहीत हाये," ती म्हणाली. "मामाशिवाय कोन ठेवन? जे केलंच नाही त्याचीबी माफी मागून राहिले तुमी. मंग मी भांडू त कोनासंगं भांडू?"

ती खरोखर रागावली की थेट मामाच्या गावच्या बोलीत उतरते. ती बोली आमच्या घरात कित्येक महिन्यांत ऐकू आली नव्हती. मग सगळंच निघालं. मुलीच्या खोलीचा पंखा ती रोज उगाच का लावते तेही निघालं, आणि माफी मागून मी तिच्या तोंडावर दारच लावून घेतो, तेही. मुलीला तुमीच पुण्याला धाडलं म्हणाली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून म्हणालो, की तिचं तिने ठरवलं आणि तिच्यावाचून मलाही करमत नाही. तोवर बटाट्याची भाजी करपली. ती कुणामुळे करपली, यावर भांडत आम्ही ती सगळी खाल्ली.

संध्याकाळी मामाजींचा फोन आला. "लागलं काय?"

"लागलं, मामाजी."

"मंग आता चाय घ्या दोघंबी," म्हणाले आणि फोन ठेवला.

गेल्या साली मामी गेल्या. परवा आम्ही दोघं हिवरखेडला गेलो, तर ओसरीवर डबा नव्हता. तो आत होता, मामींच्या खाटेच्या उशाशी. मी त्याच्याकडे पाहतो आहे हे मामाजींच्या लक्षात आलं.

"सारे अंदर आणून ठेवले, जवाईबापू," ते म्हणाले. "एकबी काम करत नाही."

पत्नीने पदर खोचला. "मामा, हा डबा इथं कावून आणला? मामीनं येऊ देला असता काय?" मामाजी ताठ झाले. माह्या घरात मी काहीबी ठेवीन म्हणाले. तिथून गाडी चहातल्या आल्यावर गेली, आल्यावरून पायजम्याच्या मळक्या नाड्यावर. मामाजींचा आवाज चढत गेला, तसा चेहरा उजळत गेला. मध्ये पडून माफी मागायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

शेवटी हरल्यासारखं करत, पुटपुटत, त्यांनी स्वतःच डबा उचलून ओसरीवर नेला. मामींच्या चपला अजून तिथेच होत्या. त्या जरा सरकवून मामाजींनी डबा शेजारी ठेवला, आणि मग बराच वेळ ते तिथे तसेच वाकून राहिले.