शिशाचं सोवळं

माझ्या नवऱ्याला नाद आहे पिस्तुलाचा. शनिवारी रेंजवर जायचं, निशाण्यावर नेम धरायचा आणि झाडलेल्या पितळी पुंगळ्या घरी आणून गॅरेजमध्ये पुन्हा भरायच्या. आत नवी दारू, वर ओतीव शिशाची गोळी. इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये, आमच्या ओळखीचे लोक गॅरेजमध्ये तांदळाच्या गोणी ठेवतात, आमच्याकडे शिसं. "आठवडाभर मीटिंगांमध्ये बोलून डोकं उठतं गं. तिथे कानांवर मफ चढवले की कुणी माझ्याशी बोलत नाही," असं तो म्हणायचा. मला ते पटायचं, म्हणून मी कधी कटकट केली नाही.

मग मुलीला दिवस गेले. ती इथेच जन्मलेली, वाढलेली, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तिने बाबाला रक्त तपासायला लावलं आणि त्यात शिसं जास्त निघालं. तान्ह्या बाळाच्या मेंदूला ते विषच.

"बाबा, इट्स ऑन युअर क्लोद्स, युअर हेअर, एव्हरीथिंग. नंबर खाली येईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही."

"मी काय शिसं खातो का?" तो म्हणाला. त्याला फार लागलं होतं. नातू हॉस्पिटलातून लेकीच्या घरी आला त्या दिवशी याने त्याला दारातूनच पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. मला इतका राग आला, आणि तो नक्की कुणाचा हेच कळेना. पोरीचं चुकत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याने वेगवेगळ्या गोळ्यांची नमुन्याची पाकिटं मागवली. हातमोजे घालून गॅरेजमध्ये मांडून बसला. मी दारातच उभी. आजवरच्या त्याच्या गोळ्या उघड्या शिशाच्या, खाचेत निळं मेण भरलेल्या. नव्या गोळ्यांवर लाल, हिरवा लेप चढवलेला, त्यामुळे हाताला शिसं लागत नाही आणि धूरही कमी होतो.

"मग सगळ्यात कडक घे ना, म्हणजे शिसं झिजणारच नाही," मी म्हटलं.

"तिथेच सगळे फसतात. मी हलका बार भरतो, दारू कमी घालतो. फार कडक गोळी त्यात फुगत नाही, पिस्तुलाच्या नळीला नीट चिकटून बसत नाही. मग गरम वायू कडेने निसटतो आणि नळीत शिसं माखतं. कडकपणा बेताचा हवा, आणि माप नळीपेक्षा केसभर जास्त." बऱ्याच दिवसांनी तो सलग एवढं बोलला. त्याने मध्यम कडकपणाची, लाल लेपाची गोळी निवडली. पुंगळ्याही आता कोरड्या घासून शिशाची धूळ उडवायची नाही, पाण्यात धुवायच्या, असं ठरलं.

बाकीचे नियम मी केले. रेंजचे बूट गॅरेजबाहेर येणार नाहीत. आल्याबरोबर डोक्यावरून अंघोळ. तोवर सोफ्याला, फ्रिजला, मला शिवायचं नाही. एकदा त्याचा शर्ट झाडूच्या दांड्याने उचलून मशीनमध्ये टाकताना मी थबकलेच. सासूबाई वलणीवरचं सोवळ्याचं लुगडं अशाच काठीने काढायच्या. लग्नानंतर सांगलीला त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मी किती वेळा ताटकळले असेन. "शिवू का?" म्हणून विचारायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. तेव्हा मी आतून जळायचे. आणि आता माझ्याच घरात सोवळ्याची मालकीण मीच होते!

काही महिन्यांनी दुसऱ्या तपासणीत आकडा उतरला. रविवारी मुलगी बाळाला घेऊन आली. नवरा त्या आठवड्यात रेंजवर गेलाच नव्हता, तरी दोनदा अंघोळ करून, धुतलेला झब्बा घालून डायनिंग टेबलापाशी उभा राहिला.

"बाबा, यू आर गुड. घ्या ना त्याला," मुलगी म्हणाली.

तो हलला नाही. हात पाठीमागे धरून माझ्याकडे बघत राहिला.

"शिवू का?" त्याने मला विचारलं.

मी बाळाला मुलीच्या मांडीवरून उचललं आणि नवऱ्याचे हात ओढून पुढे घेतले.