आभाळाले आवतन

साऱ्या नागपुरात आमच्या भाऊजींइतका आग्रही माणूस झाला नाही, आणि देवाला माझ्या ताईची थोडी जरी दया असेल तर पुढे होणारही नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आपल्याला शिंक येते तसं त्यांच्या तोंडून 'या जेवाले' निघायचं. वीजमीटर वाचायला आलेला माणूस ताकभात खाऊनच जायचा, आणि पुष्कळदा मीटर वाचायचंच विसरून जायचा. कोणी पत्ता विचारला तर आधी पाटावर बसायचं, पत्ता मग. एकदा कचेरीतल्या फोनवर राँग नंबर लागला. पलीकडचा बिचारा माफी मागून फोन ठेवत होता, तर हे म्हणाले, "राँग असो का राइट, रविवारी या जेवाले." तो कामठीहून खरंच आला. बायकोला आणि सासूला घेऊन आला, आणि त्या सासूला वांगं चालत नव्हतं.

या सगळ्यांच्या पोळ्या लाटायची ताई. मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडेच राहत होतो, म्हणजे मीही कायमचा पाहुणाच. त्यामुळे या विषयावर तोंड उघडायची माझी टाप नव्हती. कामठीची सासू गेली आणि ताईने पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. "अजी, आता आयका. न सांगता आनखी एक पाहुना आनला, तं मी भंडाऱ्याले चालली मायच्या घरी. लगन झालं तवापासून साऱ्यायले वाढून राहिली मी. मले कोनं वाढलं?" ती रडत नव्हती, म्हणूनच आम्ही दोघं जास्त घाबरलो. त्यानंतर भाऊजी रस्त्याने खाली मान घालून चालायचे. ओळखीचं कोणी दिसलं की तोंडावर रुमाल.

अन् नेमकं तेव्हाच पेपरात आलं, की परदेशातल्या शास्त्रज्ञांनी दूरच्या ताऱ्यांकडे निरोप पाठवला. तिकडे कोणी असलं तर त्याला कळावं म्हणून त्यात आकडे अन् माणसाचं चित्र घातलं होतं म्हणे. भाऊजींच्या हातातला चहा निवून गेला. "आकडे? पाहुन्याले कोनी आकडे धाडते काय गा? जेवनाचं तं विचारा लागते." दुसऱ्या दिवसापासून ते मोहल्ल्यात घरोघर फिरायला लागले. उन्हाळा होता, सगळ्यांच्या खाटा गच्चीवरच. लागून असलेल्या चार गच्च्या त्यांनी पक्क्या केल्या. आमच्या गच्चीवर दिव्यांनी लिहिलेला 'या', शेजारी 'जे', मग 'वा', आणि शेवटी 'ले', म्हणजे वरच्यांना वाचता येईल. बल्ब, कंदील, लग्नातल्या गॅसबत्त्या, ज्याच्या घरी जे होतं ते आलं. शाळेतले मास्तर म्हणाले, 'जेवायला' असं शुद्ध लिहा. "लिवतो ना. पाचवी गच्ची तुमची देता काय?" भाऊजींनी विचारलं. मास्तरांचं घर कौलारू होतं.

ताईला हे कोणी सांगायचं, म्हणून भाऊजी माझ्याकडे पाहत आणि मी आभाळाकडे. पण वायर तिच्याच स्वयंपाकघरातून वर गेली होती, लपणार किती? "वरून खरंच आले, तं पोया कोन लाटन?" एवढंच विचारून ती ट्रंकेत लुगडी भरायला लागली.

"अवं, ते लय दूर राह्यतात."

"कामठीबी दूरच होती."

संध्याकाळी दिवे लागले. अक्षरांची तोंडं आभाळाकडे, त्यामुळे खालच्या कोणाला काही दिसेना. ज्यांचे कंदील तेच बघायला पाण्याच्या टाकीवर चढले, त्यांच्यामागून रस्त्यावरचे लोक चढले. आता जेवणाचं वाचल्यावर नागपूरचा माणूस टाकीवर थोडाच बसून राहणार? तिथून जो तो थेट आमच्या दारात. रिक्षावाले, पेन्शनर, टाळांसकट एक अख्खं भजनी मंडळ. "आवतन कोनाकडचं हाये जी?" ताई ट्रंकेवर बसलेली, आणि भाऊजी जन्मात पहिल्यांदा पाहुण्यांसमोर मुके. मी मनातल्या मनात भंडाऱ्याच्या शेवटच्या यष्टीची वेळ आठवत होतो.

तेवढ्यात 'जे'वाल्या काकू झुणक्याचं पातेलं घेऊन आल्या. अक्षर त्यांच्याही गच्चीवर होतं, तेव्हा पाहुणे त्यांचेही होते. मग 'वा'वाल्यांकडून भाकरी आल्या, 'ले'वाल्यांकडून भिवापुरी मिरचीचा ठेचा, आणि मास्तरांकडून तूप. अंगणात पंगत बसली. भाऊजींनी पहिलं ताट वाढून घेतलं आणि ते ट्रंकेपाशी नेलं. आग्रह करायची सवय दांडगी, पण वाढायची मुळीच नाही. निम्मा झुणका ताईच्या पदरावर सांडला. "जेव वं," ते म्हणाले, आणि हातपंख्याने तिला वारा घालत उभे राहिले. ताई खाली मान घालून सावकाश जेवली. मागून आणखी एक भाकर मागितली. मला भरून आलं, उगाच कशाला लपवू?

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या दिवशीचे भाऊजी मला अजून दिसतात. पंगत उठल्यावर ते गच्चीवर एकेक बत्ती मालवत होते. वरून कोणीच आलं नाही म्हणून त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. ताई खरकटं आवरून जिन्यात येऊन उभी राहिली आणि तिने खालूनच हाक दिली.

"अजी, एखांदी राहू द्या चालू. लांबून येनार हायेत ते, उशीर होते."