गालाला विचारा

वाफेचं मशीन सुरू केलं की काका मास्क तोंडाला लावत नसत. आधी गालाला लावत. डोळे मिटून, डाव्या गालावर, चष्म्याच्या काडीखाली. मग तो एकदा नाकाखालून फिरवत आणि त्यानंतरच डोळे उघडत. मध्ये कुणी काही विचारलं तर हात वर करून थांबवत.

"मला नको, गालाला विचारा," म्हणत. "तळहात राठ असतो. त्याला वारा कळत नाही."

तुमच्याही कॉलनीत असा एखादा गृहस्थ असेल. त्या कामाशी त्याच्या पोटापाण्याचा संबंध नसतो, पण ते काम निघालं की सगळ्यांची पावलं त्याच्याच दाराकडे वळतात. आमच्याकडे ते काका होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. घराणं पूर्वी पूजाअर्चा सांगणारं. त्यांनी स्वतः मात्र बायको गेल्यापासून देवघरात दिवाही लावला नव्हता.

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे आमची वस्ती. दुष्काळाची वर्षं होती. चिकलठाण्याच्या अंगाला रोज नवे प्लॉट पडत होते. धूळ बसायला पाऊस नव्हता आणि उडवायला डंपर भरपूर होते. घराघरात नेब्युलायझर आला तो त्याच काळात. औषधाचं पाणी हवेच्या जोरावर धुक्यासारखं करून छातीत पोचवणारं ते यंत्र. लोक त्याला वाफेचं मशीन म्हणत. त्यात वाफ नसते, हे काका प्रत्येकाला समजावून सांगत आणि पुढच्याच वाक्यात स्वतः 'वाफेचं मशीन' म्हणत.

माझी त्यांची ओळख मुलीच्या मशीनमुळे झाली. त्याला जळका वास येत होता. त्यांनी ते कुठे ठेवता एवढंच विचारलं. गादीवर, मी सांगितलं. गादीने खालची भोकं बंद होतात, मशीन तापतं, तोच वास, असं म्हणून त्यांनी ते लाकडी पाटावर ठेवलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या वहिनींच्या मशीनला फिनेलचा वास यायचा. वहिनी ते बेसिनखालच्या कपाटात ठेवत आणि तिथेच, दार उघडं ठेवून, लावत. "मशीन जिथे बसतं तिथली हवा पितं," काका म्हणाले. "तुम्ही बसाल का या कपाटात जेवायला?" वहिनींना राग आला. दुसऱ्या दिवशी मशीन दिवाणखान्यात आलं.

हे ज्ञान त्यांना बायकोच्या दम्याने दिलं होतं. नळी कुठे मुडपते, औषधाची वाटी धुऊन पालथी घातली नाही तर आंबूस वास कसा धरते, हे सगळं त्या आजारातलं. शेवटच्या वर्षात त्यांनी बॅटरीवर चालणारं, मुठीत मावेल एवढं मशीन आणलं होतं, बाईंना प्रवासात उपयोगी पडावं म्हणून. प्रवास झाला नाही. बाई गेल्यावरही काका ते मशीन नेमाने चार्ज करत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, पडून राहिली की बॅटरी मरते.

कॉलनीच्या कंपाउंडमागे पांढऱ्या दगडांनी आखलेले प्लॉट रिकामे पडले होते. त्या उन्हाळ्यात तिथे धनगरांचं एक बिऱ्हाड मेंढरं घेऊन उतरलं. एक म्हातारी, तिचा मुलगा, सून. मेंढरं आखलेल्या दगडांच्या आत बसत. कुणाच्या हॉलमध्ये, कुणाच्या किचनमध्ये, असा विनोद आम्ही गच्चीवरून करत असू. काका त्यात नसत. भिंतीपलीकडून म्हातारीचा खोकला येई आणि ते मान कलती करून ऐकत. खोकल्यानंतरची ती शीळ त्यांच्या ओळखीची होती.

एका सकाळी ते भिंतीला वळसा घालून गेले आणि म्हातारीला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ चुकवायचं नाही, असल्या धुळीत तर मुळीच नाही, अशी ताकीद दिली. पालात वीज नव्हती. तेव्हा काकांनी ते मुठीएवढं मशीन दिलं. सून रोज सकाळी भिंतीवरून ते त्यांच्या हाती देई आणि चार्ज झालं की घेऊन जाई. म्हातारी त्यांना भाऊ म्हणू लागली, ते तिला आक्का. भिंतीवरून खोकल्याचा आवाज येईनासा झाला. काही आठवड्यांनी तो पुन्हा येऊ लागला आणि मशीन भिंतीवर यायचं बंद झालं.

काका मला सोबत घेऊन गेले. म्हातारी पालाच्या सावलीत दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती. एकेक श्वास खांदे उचलून घेत होती. मशीन एका धुतलेल्या फडक्यावर, टोपलीत ठेवलेलं. सून म्हणाली, परवापासून हात लावू देत नाहीत.

"त्यो वारा मला आता घेत नाय, भाऊ," म्हातारी म्हणाली. मध्ये दम घेतला. "वासबी येगळाच मारतो. देवाच्या मनात नाय. ऱ्हाऊ द्या."

तिचा मुलगा मेंढरांकडे बघत उभा होता. पाऊस पडेपर्यंत आई टिकली तर गावाकडे न्यायची, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मशीन नको म्हणाली तर ती टिकणार नाही, हे तिथे सगळ्यांनाच दिसत होतं.

काका मातीत बसले. बटण दाबलं. मास्क गालाला लावला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून राहिले. वारा होता, पण मेल्यासारखा. वास घेतला. बॅटरी पुरी भरलेली, नळी सरळ, वाटी स्वच्छ. मग त्यांनी मशीन फिरवलं आणि बाजूचं छोटं झाकण नखाने उचकटलं. आत हवा गाळणारी पांढरी चकती असते, शर्टाच्या बटणाएवढी. ती गर्द पिवळी झाली होती. झाकणाच्या फटींतही पिवळं गच्च बसलं होतं.

सुनेने पदर तोंडाला लावला.

"भंडारा हाय त्यो," म्हातारी म्हणाली. "दर आयतवारी लावते. मला जीव देतंय, मंग त्येला पुजू नको?"

मी काकांकडे पाहिलं. वहिनींना कपाटात जेवायला बसवणारा माणूस आता काय म्हणेल, याची मला धास्ती होती. ती चकती त्यांनी मातीत टाकली असती तर म्हातारीने त्या यंत्राला पुन्हा कधीच तोंड लावलं नसतं. त्यांनी ती दोन बोटांत उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती कपाळाला लावली व भंडाऱ्याच्या पिशवीत टाकली.

"देवाचं काही चुकलं नाही, आक्का," ते म्हणाले. "जागा चुकली. हे याचं नाक आहे. खंडोबाला तरी तुम्ही नाकात भंडारा भरता का?"

म्हातारी हसली. हसता हसता खोकली. "नाय की," म्हणाली.

काकांनी खिशातून डबी काढली. बायकोच्या वेळच्या चकत्यांपैकी उरलेली एक तिच्यात होती. ती बसवली, फटी दाताच्या ब्रशने साफ केल्या, झाकण लावलं. मग मशीनची सपाट पाठ वर करून दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली, ताम्हन धरावं तशी. तिने चिमूटभर भंडारा त्या पाठीवर ओढला. भंडाऱ्याची बोटं तिने काकांच्या कपाळावरही टेकवली. ते हलले नाहीत.

त्यानंतर त्यांनी मास्क तिच्या सुरकुतलेल्या गालाला लावला. "मला नको, याला विचारा."

म्हातारीने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "व्हय. आला."

पाऊस उशिरा पडला, पण पडला. बिऱ्हाड हललं. निघताना मशीन परत द्यायला सून भिंतीपाशी आली, तेव्हा काकांनी ते घेतलं नाही. वारा कसा आहे ते पुढच्या वेळी येऊन सांगा, एवढा निरोप दिला. तोवर नव्या चकत्या आणून ठेवल्या होत्या, त्या सोबत दिल्या.

हिवाळ्यात काका गेले. झोपेत गेले. मुलगा परगावचा, त्याने घर आवरलं, कुलूप लावलं. त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं कॉलनीत दुसरं कुणी नव्हतं. मशीन बिघडलं की लोक गुलमंडीकडच्या दुकानांत जाऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मागच्या प्लॉटवर इमारतीचे खांब उभे होते. मेंढरं रस्त्याच्या कडेनेच पुढे गेली. म्हातारी तेवढी मागे वळली आणि काकांच्या फाटकाशी येऊन कुलपाकडे बघत उभी राहिली. मी बाहेर येऊन तिला सांगितलं. ती तिथेच खाली बसली. तिने कमरेची पिशवी सोडून मशीन काढलं. पाठीवर भंडाऱ्याचे जुने-नवे थर होते. बाजूचं झाकण पांढरं स्वच्छ होतं.

"वारा कसा हाय त्ये सांगायला आल्ते," ती म्हणाली. "आता तुमीच बघा."

तिने बटण दाबलं आणि मी हात पुढे करायच्या आत मास्क माझ्या गालाला लावला. मी डोळे मिटले. वारा थंड होता, सरळ येत होता. त्याला कसलाही वास नव्हता.