बंद शाळेतला पाठ

"आवाज़ धीमी. कक्षा नियंत्रण कमज़ोर."

लाल शाईतला हा शेरा मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून तीनदा वाचला. धीमा आवाज, आणि तो माझा! बारा वर्षं मी साड्यांचं गाठोडं घेऊन लोधीखेड्यापासून तिगावपर्यंत फिरले आहे. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरच्या बाजारात मी भाव सांगितला की पलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वळवायचं. त्याच धंद्याच्या जोरावर शिकले आणि पस्तिशीत बी.एड.ला बसले.

बी.एड.मध्ये शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवावं लागतं. आम्हाला पांढुर्ण्यातली एक शाळा मिळाली होती. आम्ही पाठ घ्यायचा, कॉलेजच्या सरांनी मागे बसून तो पाहायचा आणि चुका सांगायच्या, अशी रीत. सर रोज यायचे, हे खोटं नाही. यायचे आणि हेडमास्तरांच्या खोलीत पंख्याखाली बसायचे. वर्गाच्या दारात त्यांची सावलीसुद्धा मी पाहिली नाही. इंटर्नशिप संपत आली तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या फाइली गोळा केल्या आणि एका बैठकीत शेरे, तारखा, सह्या उरकून परत दिल्या.

मी शेऱ्याखालची तारीख पाहिली आणि डोकंच फिरलं. पोळ्याचा दुसरा दिवस!

सरांनी कॅलेंडर समोर ठेवून रविवार तेवढे सोडले असणार. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमारीची जत्रा असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. त्या दिवशी शाळेला कुलूप असतं. मी घरात दार लावून डाळ निवडत बसले होते, आणि सरांच्या मते त्याच वेळी माझा वर्ग माझ्या हाताबाहेर गेला होता.

माझ्याबरोबर बी.एड. करणारी एक पोरगी आपली फाइल दप्तरात कोंबत म्हणाली, "ताई, पास झाली ना तू? मंग काहून जीव खाऊन राहिली? चूप राय."

मी चूप राहणारी असते तर आजही गाठोडंच वाहत असते. सरळ सरांच्या टेबलापाशी गेले. सर हिंदीत बोलायचे, मी आमच्या बोलीत. समजायचं दोघांनाही.

"सर, हा पाठ तुम्ही पाह्यला का जी?"

"देखा तभी तो लिखा है, मैडम."

"कुठी बसून?"

"पीछे. और कहाँ?"

"त्या दिवशी गोटमार होती. शाळेले कुलूप होतं. अख्ख्या पांढुर्ण्यावर पोलिसाचं नियंत्रण चालत नव्हतं, अन् तुम्ही माह्या वर्गाचं घेऊन बसले?"

सरांनी फाइल मिटली. दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "तारीख में गलती हो गई. चलो, दो नंबर बढ़ा देता हूँ."

मी काही बोलले नाही.

"अच्छा, चार."

इतक्या लवकर भाव सोडणाऱ्याचा माल डागी असतो, हे मला साड्यांनी शिकवलं आहे. शेरा खोटा होता, तसेच हे चार नंबरही खोटेच. मला त्याचीच जास्त चीड आली. मी एवढे आठवडे शिकवलं ते बरं की वाईट, हे जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. मलासुद्धा नाही. आणि वर्षभरात मी खरी बाई म्हणून कुठल्यातरी वर्गात उभी राहणार होते.

"नंबर ठेवा तुमच्याजवळ," मी म्हटलं. "उद्या माह्या वर्गात या. घंटी ते घंटी बसा. नाही तर ही फाइल प्राचार्यांच्या टेबलावर उघडून ठेवते."

सर आले. मागच्या बाकावर अवघडून बसले. मी सातवीला माती शिकवत होते. कापलेल्या तीन बाटल्यांत कपाशीची काळी माती, संत्र्याच्या बागेतली मुरमाड आणि नदीची रेती. वरून पाणी ओतलं. मुलं वाकून पाहत होती, आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत जात होता. मला वाटलं, आता सांगा कुठे कमी आहे ते!

घंटा झाली. सरांनी कागद पुढे केला.

"आपने चौदह सवाल पूछे. ग्यारह के जवाब खुद दे दिए. तीसरी बेंच वाली लड़की ने तीन बार हाथ उठाया, तीनों बार आप पहले बोल पड़ीं."

बाजारात गिऱ्हाईक गप्प झालं की मी कधी तोंड उघडत नाही. जो आधी बोलतो तो हरतो. आणि वर्गात मला दोन क्षणांची शांतता सोसत नव्हती. ते या माणसाने एका तासात पकडलं होतं. म्हणजे त्याला काम येत होतं! आळशी, अडाणी असता तर मी चार शिव्या देऊन विसरले असते. येत असून त्याने ते पंख्याखाली झाकून ठेवलं, हे मी अजून विसरलेले नाही.

"सर, हे पहिल्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "किसी ने बैठने को कहा ही नहीं."

दुसऱ्या दिवशी माझा शेवटचा पाठ होता. मी मागे एक खुर्ची मांडून ठेवली. ती रिकामीच राहिली. मी प्रश्न विचारला, "काळ्या मातीत पाणी जास्त दिवस राहते, तर मग संत्र्याचं झाड तिथं काहून सुकते?" आणि दात आवळून उभी राहिले. कोणी खोकलं. कोणी पेन्सिल पाडली. उत्तर माझ्या जिभेवर येऊन जळत होतं. मग तिसऱ्या बाकावरची पोरगी उठली आणि हळू म्हणाली, "बाई, मुळं सडत असतील."

एवढे आठवडे अशी उत्तरं तिच्या तोंडात होती आणि मी तिला बोलू दिलं नव्हतं. मागे कोणी बसलं असतं, तर ती पहिल्याच आठवड्यात बोलली असती.