जवळचा बोल्ट

शहागडला हायवेवर ट्रकांचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या दैवशालाबाईंना आपलं काम चुकतं हे मान्यच नसे. भारत नावाडी नदीवरून आला नि म्हणाला, “ताई, स्टार्टर फिरतच न्हाई.” त्याच्या लाकडी नावेच्या पोटात आजोबांच्या वेळचं डिझेल इंजन होतं. त्याचा स्टार्टर बाईंनी नुकताच दुरुस्त केला होता.

“माझा स्टार्टर बिलकुल बराबर हाये,” म्हणत त्या पाना घेऊन स्वतः नावेत उतरल्या. वाकून पाहिलं, तर बॅटरीची काळी वायर फळीतल्या बोल्टाला आवळलेली.

“ट्रकचा कोणताबी बोल्ट धरा, लोखंडातून करंट इंजनाला पोचतो. लाकडातून पोचंल का? कोण्या येड्यानं केलं हे?”

“कल्याणभाऊनं,” भारत हळूच म्हणाला. कल्याण म्हणजे बाईंचा नवरा; दुरुस्त स्टार्टर नावेत त्यानंच बसवला होता. “तुम्हीच त्यांना माहेराहून फोनवर सांगितलं ना, जवळच्या बोल्टाला आवळा म्हणून.”

बाईंनी वायर काढून थेट इंजनाला आवळली.

“तवाबी मीच सांगितलं, आताबी मीच सांगून राह्यले,” त्या गरजल्या. “दाब बटन!”

पहिल्याच झटक्यात इंजन धडधडलं.