शेवटच्या फरशीखालचा अंगठा

ज्ञानदेवला दौंडमध्ये सगळे ‘नाकवाला मिस्त्री’ म्हणतात. तीस वर्षं लोकांची बाथरूमं उकरूनही त्याची किळस मेलेली नाही. बाकीचे मिस्त्री तोंडात तंबाखू धरून सडक्या भिंती फोडतात. हा नाकातोंडाला गमछा बांधतो, तरी मधूनच जिन्यात जाऊन ओकारी दाबून येतो. मात्र भिंतीत पाणी मुरतंय का, हे तो नुसत्या वासावरून सांगतो.

शंकररावांच्या पहिल्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पाऊल टाकताच त्यानं तोंड फिरवलं.

शंकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायको सरूबाई इथंच घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ती शिरूरला लेकीकडं होती, रविवारी घरी यायची होती. तिच्यासाठी न घसरणारी नवी फरशी त्याआधी बसायला हवी होती.

“जुनी काढू नका, मिस्त्री,” शंकरराव म्हणाले. “दुकानदार म्हणतोय, हिच्यावरच चिकटवा. दोन दिवसांचं काम हाय.”

ज्ञानदेवनं थापीच्या दांड्यानं भिंत ठोकली. ठक, ठक, मग ढब. जमीन ठोकली. ढब, ढब. पाणी जायच्या जाळीपासून हातभर अंतरावर जमीन बशीसारखी खचली होती आणि त्या खळग्यात हिरवट, बुळबुळीत पाणी साचलं होतं.

“हितंच पडली ती,” शंकरराव म्हणाले.

“आप्पा, गळवावर पावडर लावून काय उपेग? आत पू हाय.”

“तुमची जीभ लई घाण हाय.”

“आतलं बघा, मग जिभेला नावं ठेवा.”

छिन्नी लावताच भिंतीवरची फरशी पापडासारखी सुटली. मागचा गिलावा काळा पडला होता, भिजलेल्या भाकरीसारखा बोटानं निघत होता. त्यातून झुरळं भराभरा पळाली. एक ज्ञानदेवच्या बाहीत शिरलं, तसा तो किंचाळत जिन्यात गेला. शंकरराव हसले. पण जमीन फोडली तेव्हा जिन्यात पळायची पाळी त्यांची होती.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा स्लॅब वीतभर खाली सोडलेला असतो. त्यातून पाइप नेतात, मग तो खड्डा पक्क्या विटांच्या तुकड्यांनी ठोकून भरतात आणि वर पाणी अडवणारा थर देतात. इथं त्या खड्ड्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, गुटख्याच्या पुड्या, कोंबडीची हाडं, एक रबरी चप्पल. त्या सगळ्यावर बारा वर्षं आंघोळीचं पाणी झिरपलं होतं. साबण, केस आणि शेवाळ यांचा लगदा झाला होता. तो कुजत खाली बसत गेला, तशी वरची जमीन खचली.

“कुठल्या हलकटानं भरलंय हे?” ज्ञानदेव गमछ्यातूनच ओरडला. “त्याला ह्याच पाण्यात बुचकळून काढायला पायजे!”

दुपारी दारामागच्या कोपऱ्यातली शेवटची फरशी निघाली. खालच्या सिमेंटमध्ये एक अंगठा उमटलेला होता. रुंद, शेंडा तुटलेला, अर्ध्या नखाचा.

ज्ञानदेवनं स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडं पाहिलं.

ही रीत त्याला त्याच्या वस्तादानं, भिमा मिस्त्रीनं शिकवली होती. शेवटच्या फरशीखाली ओल्या मालात अंगठा उठवायचा, पण खाली काय भरलंय ते स्वतः पाहिलं असेल तरच. ज्ञानदेव खाली बसला. हातोडीचा एक घाव घातला असता तर त्या ठशाची माती झाली असती आणि कुणाला कधी कळलंही नसतं. त्यानं हातोडी उचलली, परत ठेवली.

“आप्पा, हिकडं या.”

शंकरराव नाक दाबून आले. त्यानं सिमेंटवर आपला अंगठा ठेवून दाखवला.

“म्हंजी हे तुम्ही केलंय?”

“बारा वर्सांमागं वरची फरशी मी बसवली, घर ध्यानात न्हाई राहिलं. भरणी दुसऱ्यांची व्हती. पण वास आलता मला, तवाच आलता. ठेकेदार म्हणला, चाळीस बाथरूम हायेत, नाक घरी ठेवून ये. म्या ठेवलं.”

“आन् माझ्या बायकोचं हाड मोडलं.”

“व्हय.”

“निघा तुम्ही. दुसरा मिस्त्री बघतो मी.”

“बघा. पण ही घाण उपसल्याबिगर कुणाला वर फरशी लावू देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदेव न बोलावताच गोण्या घेऊन दारात उभा राहिला. शंकररावांनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले. त्यानं हातानं ती घाण उपसली. दोनदा ओकला, चूळ भरून परत आत गेला. भिंती विटेपर्यंत खरवडल्या, तारेच्या ब्रशानं घासून धुतल्या. नव्या विटांचे तुकडे धुऊन ठोकले. पाणी अडवणारा थर दिला आणि वर तीन दिवस पाणी कोंडून ठेवलं. खालच्या घराच्या छताला रोज हात लावून पाहिला. कोरडं. मग न घसरणारी नवी फरशी बसवली, दारामागची एक सोडून. तोवर रविवार उलटून गेला होता. सरूबाईला शिरूरलाच थांबावं लागलं.

पुढच्या शनिवारी ती वॉकर टेकत आली. शंकररावांनी तिला सगळं सांगितलंच होतं. बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून ती बसली.

“मिस्त्री, जा आत. आंघोळ करा.”

“मी, वहिनी?”

“मग कोन, मी? मी केली की तुमच्या फरशीवर बारा वर्सं. साबण लावा पायाला, चांगला फेस करा.”

ज्ञानदेवनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, डोक्यावर बादली ओतली, तळव्यांना साबण चोळला आणि पाच फेऱ्या घातल्या. पाय घसरला नाही. सगळं पाणी वळून जाळीत गेलं. खळगा कुठंच राहिला नाही. सरूबाई डोळे बारीक करून पाहत होती.

“खाली काय हाय?”

“विटा. एकेक मी ठोकलीय.”

“आन् ती दारामागची फरशी का न्हाई लावली?”

“तुम्ही म्हणाल तर अंगठा उठवून लावतो.”

तिनं वॉकर जवळ ओढला. “आधी आठ दिवस मी आंघोळ करते. मग या.”

ओल्या कपड्यांनीच तो जिना उतरला. खाली येऊन त्यानं डावा हात नाकाशी नेला. साबणाचा वास होता. साबणाखाली अजून त्या खड्ड्याचा वास होता. त्यानं तोंड वाकडं केलं आणि नळाखाली अंगठा पुन्हा घासायला घेतला.