शेवंताकाकूचा मेल मीच उडवला

मित्रहो, आज दुपारी मी खोटं बोललो, तेही आईच्या वयाच्या बाईशी.

मारेगावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. आपल्याकडे गावकऱ्यांचा मेल आयडी म्हणजे दुकानवाल्याचाच आयडी. पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?

शेवंताकाकूच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, यंदा बोंडंच धरली नाहीत, बियाणं बोगस निघालं. शेताचे फोटो मीच बियाणं कंपनीला मेल केले. चूक कबूल केल्याचं त्यांचं उत्तरही माझ्याच मेलवर आलं. प्रिंट देत होतो, तर काकू म्हणाली, "तुह्यापाशीच राहू दे बाबू, माह्या घरी कागद हरपते."

दिवाळीआधी मेलबॉक्स भरला आणि मी जुने मेल सरसकट उडवले, त्यात काकूचे फोटो आणि कंपनीचं उत्तरही गेलं. मेलचा ऑनलाइन बॅकअप घेणारी सेवा लावली होती, पण ती केव्हाचीच बंद पडलेली. तसे इशारे रोज यायचे, मी न वाचताच पुसायचो.

आज काकू त्या उत्तराची प्रिंट न्यायला आली. उद्या कृषी कार्यालयात तिच्या भरपाईची सुनावणी आहे. पऱ्हाटी उपटून तिनं हरभरा पेरला, आता फोटो कशाचा काढणार? कंपनीवाले फोन उचलत नाहीत.

मी म्हणालो, "काकू, बॅकअपवाल्याच्या मशीनमधूनच उडालं सगळं."

उलट तीच मला समजावत बसली. "जाऊ दे, तू काय करशीन? मशीनच ते." पायरी उतरताना वळून म्हणाली, "नवा अर्ज करीन त तोबी तुह्याच मेलवर ठेवजो."

सुनावणी अकराला आहे. त्याआधी तिच्या दारात जाऊन कोणत्या तोंडानं खरं सांगू?